युद्धातल्या फोटोतला सैनिक: चेहरा सगळ्यांत शेवटी

मंडळी, जुन्या युद्धातला फोटो हातात आला की आपली नजर आधी चेहऱ्यावर जाते. वेड लागतं ते तिथेच, आणि फसगतही तिथेच होते. शिरस्त्राणाच्या सावलीत वीस-बावीस वर्षांची दोन पोरं सारखीच दिसतात. म्हणून कपडे, पट्टे, बूट आणि कागद यांच्याकडून जेवढं कळतं तेवढं आधी काढून घ्यायचं.

याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं जपानी बेट, इवो जिमा. 23 फेब्रुवारी 1945 ला तिथल्या सुरिबाची डोंगरावर झेंडा उभारणाऱ्या अमेरिकन सैनिकांचा, छायाचित्रकार जो रोझेन्थाल याने टिपलेला तो फोटो. सहा जण, आणि चेहरा धडपणे कुणाचाच दिसत नाही. तरी नावं जाहीर झाली. 1947 मध्ये त्यातलं एक बदलावं लागलं. पुढे कित्येक दशकांनी काही हौशी अभ्यासकांनी त्याच दिवशीचे, त्याच डोंगरावरचे इतर फोटो शेजारी ठेवले. नौदलाचा वैद्यकीय साहाय्यक जॉन ब्रॅडली त्या फोटोंत विजारीचे पाय दुमडून उभा आहे. झेंड्याच्या फोटोत ज्याला ब्रॅडली म्हणत, त्याची विजार दुमडलेली नाही. शिरस्त्राणाखालून कापडी टोपीची झडप डोकावते. कमरेला तार कापायची पक्कड आहे. वैद्यकीय साहाय्यकाकडे ती कशाला असेल? 2016 मध्ये अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलाने ब्रॅडलीचं नाव काढून हॅरोल्ड शुल्ट्झला यादीत घेतलं. 2019 मध्ये रेने गॅग्ननच्या जागी हॅरोल्ड केलर आला. पद्धत एवढीच: तोच दिवस, तीच माणसं, दुसरी फ्रेम.

आता रंगांची गफलत. पहिल्या महायुद्धातले बहुतेक फोटो ऑर्थोक्रोमॅटिक काचेवर किंवा फिल्मवर आहेत. तिला लाल रंग दिसत नाही. त्यामुळे लाल जवळजवळ काळा येतो आणि निळा फिका पडतो. 1914 मधल्या फ्रेंच शिपायाची लाल विजार फोटोत काळपट दिसते ती याच कारणाने. ब्रिटिश फौजेच्या '1914-15 स्टार' या पदकाची फीत लाल, पांढरी, निळी अशी एकात एक मिसळत जाते, आणि लाल कड छातीच्या मध्याकडे असते. फोटोत ती काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारी पट्टी होते. संगणकाने रंगवलेले फोटो इथेच तोंडावर आपटतात, कारण करडा रंग पाहून फीत कुठली ते सांगता येत नाही. आणि 'एन्हान्स' करणारी ती ॲप्स तर चक्क नवे बिल्ले आणि बटणं तयार करतात. ओळख पटवायची असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. लहान प्रिंट 1200 डीपीआयवर, 16 बिट, टिफमध्ये स्कॅन करा आणि शार्पनिंग बंद ठेवा.

त्याहून जुना, लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप असेल तर तो आरशातल्यासारखा उलटा असतो. पट्ट्याच्या पितळी चकतीवरची अक्षरं बघा. ती उलटी दिसली की संपलं. बटणांवर आणि तलवारीच्या बाजूवर मात्र विसंबू नका. फोटो सुलटा दिसावा म्हणून काही शिपाई सामानच उलट्या बाजूला अडकवून बसत. हातातली बंदूकही त्याचीच असेल असं नाही. स्टुडिओत ती भाड्याच्या कोटासारखी सगळ्यांच्या कामी येई. रणांगणावरही तेच. अमेरिकेच्या यादवी युद्धात, गेटिसबर्गला 1863 मध्ये छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनरच्या चमूने एकच मृतदेह दोन ठिकाणी ठेवून टिपला, आणि शेजारची बंदूक निव्वळ सजावटीची.

तारीख ठरवताना एक पथ्य. गणवेशावरची वस्तू 'हा फोटो याआधीचा नाही' एवढंच सांगते. ब्रिटिश शिपायाच्या डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर, उभी सोनेरी पट्टी दिसली तर ती जखमेची खूण. ती 1916 मध्ये आली. उजव्या बाहीवरच्या परदेशी सेवेच्या छोट्या चेव्हरॉन (कोनाच्या आकाराच्या) पट्ट्या 1918 च्या. पण पट्टी नाही म्हणजे फोटो आधीचा, हा निष्कर्ष चूक. शिवून घ्यायचं राहून गेलं असेल, किंवा जखमच झाली नसेल.

कागदही तपासा. अतिनील दिव्याखाली पांढरा कागद निळसर चकाकला, तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत. ती फोटोच्या कागदात 1950 च्या आसपास आली. म्हणजे तो प्रिंट 1916 चा नाही, फार तर जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेला.

मागच्या बाजूला नाव असेल तर दिवा कडेने, अगदी आडवा धरा. पुसलेल्या पेन्सिलीचे ओरखडे वर येतात. आणि शाई बघा. बॉलपेन बाजारात सरसकट मिळू लागलं ते 1945 नंतर. पहिल्या महायुद्धातल्या फोटोमागचं नाव बॉलपेनने लिहिलेलं असेल, तर ते कुणीतरी निदान पंचवीस-तीस वर्षांनी आठवून लिहिलंय. नोंद करताना ते 'मागे असं लिहिलं आहे' म्हणून अवतरणात द्यायचं, सैनिकाचं नाव म्हणून नाही.