ताश्कंद कुठल्या देशात?

नमस्कार श्रोतेहो. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत गणपतीत प्रश्नमंजूषा असते. बक्षीस ठरलेलं, स्टीलचा डबा. हल्ली बरेच जण प्लास्टिकचे डबे देतात. चार महिन्यांत झाकण बसेनासं होतं, ते कसलं बक्षीस? असो. यंदा प्रश्न मी काढले होते. विचारलं, "लालबहादूर शास्त्रींचं निधन कोणत्या देशात झालं?"

सातवीतली एक मुलगी उभी राहिली. "ताश्कंदला. म्हणजे उझबेकिस्तान!"

मागून पहिल्या मजल्यावरचे काका गरजले, "चूक! रशिया!"

झालं. मांडवात दोन तट पडले. मोबाइल निघाले. मुलगी म्हणे, "आजोबा, नकाशात बघा ना." आजोबा म्हणे, "नकाशा कशाला? मी अकरा वर्षांचा होतो, रेडिओवर बातमी ऐकलीय मी!" आरतीची वेळ टळत चाललेली, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. आता तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्या कागदावरही 'रशिया'च लिहिलेलं होतं. कागद मी हळूच खिशात घातला.

कारण तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला, दोघंही चुकले होते. शास्त्रीजी गेले ११ जानेवारी १९६६ ला. तेव्हा ताश्कंद होतं सोव्हिएत संघात. त्या संघात पंधरा प्रजासत्ताकं. रशिया त्यातलं एक, उझबेकिस्तान दुसरं, आणि ताश्कंद या दुसऱ्याची राजधानी. आपण सगळ्यालाच रशिया म्हणायचो, ती आपली सवय. डिसेंबर १९९१ मध्ये संघच संपला. म्हणून, श्रोतेहो, घटना ज्या सालची, देशाचं नाव त्या सालचं. पुन्हा सांगतो, घटना ज्या सालची, नाव त्या सालचं. आज तिकीट काढाल ते उझबेकिस्तानचं, पण १९६६ सांगताना सोव्हिएत संघ. चेकोस्लोव्हाकियाचंही तसंच, १९९२ संपेपर्यंत एक देश, नंतर दोन.

डबे दोघांनाही दिले. दुसऱ्या दिवशी काका माळ्यावरची जुनी वही घेऊन खाली आले. तिला त्या देशाहून येणाऱ्या मासिकाच्या गुळगुळीत पानाचं कव्हर. तेव्हा घरोघरी वह्यांना तेच असायचं. कव्हरवर बर्फ, ट्रॅक्टर आणि हसणाऱ्या बायका. मुलीनं विचारलं, "आजोबा, हा कुठला देश?"

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "रशिया."