अर्थिंगचा आकडा कोणी मोजायचा?

(फोंडा तालुक्यातील ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित सर्वांना नमस्कार. संयोजकांनी मला ‘घरातील वीजसुरक्षा’ असा विषय दिला होता. परंतु अलीकडे माझ्याकडे जी मंडळी सल्ल्यासाठी येतात, ती सुरक्षेविषयी थोडे आणि हातातल्या अंदाजपत्रकाविषयी फार विचारतात. कोणीतरी मोफत तपासणीच्या नावाने घरी येऊन गेलेला असतो, जाताना चार पानांचा कागद ठेवून गेलेला असतो, आणि त्या कागदावर घरातले सगळे वायरिंग बदलण्यापासून केमिकल अर्थिंगच्या (गळलेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या, रसायन भरलेल्या) तीन खड्ड्यांपर्यंत सारे काही लिहिलेले असते. मुले मुंबईला, आखातात किंवा पोर्तुगालला, घरात दोघेच म्हातारे, आणि समोरचा तरुण सांगत असतो, “अंकल, आज रात्री काही झाले तर जबाबदारी आमची नाही.” अशा वेळी माणूस सही करतो. मी आज बोलणार आहे ते या सहीच्या आधी काय विचारावे याविषयी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. घरातल्या विजेपासूनचा धोका काल्पनिक नाही. आपल्याकडची जुनी घरे पाहा: लाकडी पट्ट्यांवरून नेलेल्या, रबर आणि सुती वेष्टणाच्या तारा अजूनही काही माळ्यांवर आहेत, आणि त्या हाताने वाकवल्या तर रबराचा भुगा होतो. किटकॅट फ्यूजमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याची जाड तार पिळून बसवलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे. ट्यूबलाइटसाठी घातलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर पुढे गीझर आणि एसी चढवला जातो. अशा घरात वायरिंग बदलायला सांगणारा माणूस फसवत नसतो. तेव्हा विकणारा म्हणतो ते सगळे खोटे, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की ज्या मोजमापाच्या आधारे तो बोलतो ते मोजमाप त्याने नीट घेतलेले नसते, किंवा घेतलेल्या आकड्याचा अर्थ तो आपल्याला हवा तसा लावतो, आणि ज्याला काम मिळणार आहे त्यानेच तपासणी केली की असे होणे जवळजवळ अटळ असते.

अर्थिंगचेच उदाहरण घेऊ, कारण गोव्यात सर्वांत जास्त पैसे याच नावाने काढले जातात. आपली जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ती भिजलेली असते तोवर ठीक. एप्रिल-मे मध्ये जांभा सुकला की त्यातून वीज सहजी जात नाही आणि अर्थिंगचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, चढतो; तो ओहममध्ये मोजतात. तपासणीला आलेला माणूस यंत्राच्या पडद्यावर आठ ओहम दाखवतो आणि म्हणतो, नियमाप्रमाणे एक ओहमच्या आत पाहिजे, तुमचे अर्थिंग नापास. ऐकणाऱ्याला ओहम म्हणजे काय हे ठाऊक नसते, पण नापास म्हणजे काय हे ठाऊक असते.

आता थोडा हिशेब करू. शाळेतल्या गणितापलीकडे त्यात काही नाही. गीझरमधली फेजची (वीज आणणारी) तार सुटून गीझरच्या पत्र्याला लागली, आणि घराला आठ ओहमचे अर्थिंग आहे, असे समजा. २३० भागिले ८ केले तर वाहणारा प्रवाह जेमतेम २९ अँपिअर येतो. ३२ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) एवढ्या प्रवाहाला पडत नाही. तत्काळ पडायला सी प्रकारच्या एमसीबीला त्याच्या क्षमतेच्या पाच ते दहा पट प्रवाह लागतो. म्हणजे एमसीबी उभा, गीझर चालू, आणि पत्र्यावर जीवघेणा दाब (व्होल्टेज). इथपर्यंत विक्रेत्याचे म्हणणे बरोबर आहे. पण यावरचा उपाय एक ओहमचे अर्थिंग हा नव्हे. उपाय म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की हे उपकरण क्षणार्धात पुरवठा तोडते. आठ ओहमला ०.०३ अँपिअरने गुणले तर, पुरवठा तोडण्याइतकी गळती होताना, पत्र्यावरचा दाब पाव व्होल्टही भरत नाही. उलट बाजूने पाहायचे तर ५० व्होल्ट ही स्पर्शाची सुरक्षित मर्यादा मानून तिला ०.०३ ने भागा. उत्तर १,६६६ ओहम येते. व्यवहारात आपण इतके ढिले राहत नाही, कारण उन्हाळ्यात रोध वाढतो आणि तार गंजते; तरीही आठ ओहम आणि एक ओहम यांतला फरक आरसीसीबी असलेल्या घराला जवळजवळ लागत नाही. एक ओहमचा आग्रह हा उपकेंद्रांच्या जगातला आहे, जिथे दोषाच्या वेळी हजारो अँपिअर जमिनीत उतरतात. तो आकडा तिथून उचलून आपल्या अंगणात आणला गेला आहे.

म्हणून ज्या अंदाजपत्रकात केमिकल अर्थिंगचे खड्डे पहिल्या पानावर आणि आरसीसीबी शेवटच्या पानावर, किंवा कुठेच नाही, ते अंदाजपत्रक सुरक्षेसाठी लिहिलेले नाही असे खुशाल समजावे. चांगल्या कंपनीचा, आयएसआय चिन्हाचा, दोन पोलचा आरसीसीबी दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो आणि तो बसवण्यात खड्डे खणण्याइतका नफा नाही. दोन किलोवॉटपेक्षा अधिक भाराच्या घराला अशा उपकरणाची आवश्यकता केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनीच सांगितलेली आहे; त्यासाठी कोणी घाबरवण्याची गरज नाही.

मोजमाप कसे घेतात तेही पाहून ठेवा. अर्थिंगचा रोध नीट मोजायचा तर घराच्या खड्ड्यापासून तार ओढत दूरवर दोन खुंट्या ठोकाव्या लागतात. म्हणजे आपल्याकडे त्या माणसाला कुळागरात (माडा-पोफळींच्या बागेत) उतरावे लागते, माडाच्या आळ्यांतून वाट काढावी लागते, घाम गाळावा लागतो. जो व्हरांड्यात उभा राहून, बूट न मळवता, अर्ध्या मिनिटात आकडा सांगतो, त्याने काय मोजले हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. चिमट्यासारखे यंत्र तारेला लावून मोजण्याची एक पद्धत आहे, परंतु तिला प्रवाहाचा पूर्ण फेरा लागतो. एकट्या, सुट्या खड्ड्यावर ती भलताच आकडा देते.

दुसरा प्रयोग टेस्टरचा. वॉशिंग मशिनच्या पत्र्याला टेस्टर लावला जातो, आतला दिवा मंद पेटतो, आणि घरातल्या बाईंना जवळ बोलावून दाखवले जाते. बाई घाबरतात, कारण पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात हे त्यांनी स्वतः अनुभवलेले असते. याचे कारण बहुतेक वेळा साधे असते: तीन पिनांच्या सॉकेटमधली अर्थची तार सुटलेली किंवा मुळातच जोडलेली नसते, आणि यंत्रातल्या विद्युत फिल्टरमधून होणारी अगदी क्षीण गळती पत्र्यावर साचून राहते. दोष आहे, दुरुस्त केलाच पाहिजे, आणि न्हाणीघरात तर आजच्या आज. पण तो एका सॉकेटचा दोष आहे. वायरमन सॉकेट उघडून तार कसतो, लागल्यास बोर्डापासून अर्थची नवी तार ओढतो, काम संपले. त्यावरून भिंती फोडून सगळे वायरिंग उकरायचा निष्कर्ष निघत नाही.

मेगरचा प्रकार याहून सूक्ष्म आहे. तारांच्या वेष्टणाची तपासणी ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वेष्टणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, करतात आणि आकडा एक मेगओहमच्या (दहा लाख ओहमच्या) वर असावा अशी अपेक्षा असते. ही तपासणी अत्यंत उपयोगी आहे. पुनर्वायरिंगचा निर्णय खरे तर हिच्यावरच व्हावा. मात्र ती घेण्यापूर्वी फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर, एलईडी दिवे, बोर्डातले सर्ज संरक्षक (दाबाच्या अचानक उसळीपासून यंत्रे वाचवणारे उपकरण), हे सारे सुटे करावे लागते. ते जोडलेले ठेवून मेगर फिरवला की आकडा कोसळतो, आणि जो कोसळला तो तारांचा नसून यंत्रांचा असतो. आषाढात, मातीच्या गिलाव्याच्या ओल्या भिंतीत घेतलेला आकडा आणि डिसेंबरातला आकडा यांतही फरक पडतो. एखादी खोली नापास झाली तर ती खोली बदलावी; प्रत्येक सर्किटचा आकडा वेगळा लिहून मागितला की हे आपोआप दिसते.

उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल फार बोलत नाही. एसी चालू असताना एमसीबी कोमट होणारच, कारण त्याच्या आतली पट्टी तापूनच तो काम करतो. पडद्यावर लाल रंग दिसला म्हणजे आग लागत आली असे नाही. तो रंग यंत्राने ठरवलेला असतो. शेजारच्या जोडापेक्षा एकच जोड स्पष्टपणे जास्त तापत असेल, प्लास्टिक पिवळे पडले असेल, जळका वास येत असेल, तर मात्र स्क्रू सैल आहे, आणि किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत तो गंजलाही असेल.

वीज वाचवणारी म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीची गोष्ट एका वाक्यात संपते: घरगुती बिल आपण वापरलेल्या युनिटांवर येते, त्या डबीतल्या कपॅसिटरने युनिटे कमी होत नाहीत, आणि वर लावलेला हिरवा दिवा स्वतः थोडी वीज खातो.

सर्ज संरक्षकाला मात्र मी असे उडवून लावणार नाही. सत्तरी, धारबांदोड्यासारख्या भागांत उघड्या तारांवरून पुरवठा येतो, आणि मे महिन्यात व परतीच्या पावसात वळवाच्या विजा कडाडतात, तिथे बोर्डाजवळ चांगला सर्ज संरक्षक असणे शहाणपणाचे आहे, अर्थात त्याच्या तारा आखूड ठेवल्या आणि अर्थिंग जोडलेले असले तर. पण तो माणसाला शॉकपासून वाचवतो असे सांगून विकला जातो, ते खोटे आहे. आणि आपल्याकडे यंत्रे जळण्याचे एक मोठे कारण वेगळेच आहे: पावसात झाड पडून न्यूट्रल (परतीची तार) तुटते आणि घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब शिरतो. तो काही क्षणांचा झटका नसतो, मिनिटामिनिटांचा असतो. सर्ज संरक्षक तिथे स्वतःच जळून जातो. त्यासाठी जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारे वेगळे उपकरण असते. न्यूट्रल तुटल्याची भीती दाखवून सर्ज संरक्षक विकणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा समोरचा अडाणी आहे असे धरून चालला आहे.

आता दबावाविषयी. “खात्याकडून आलो आहोत” असे सांगणाऱ्याचे ओळखपत्र पाहा आणि १९१२ वर फोन करून विचारा. गोव्यात वीजपुरवठा सरकारच्या वीज खात्याकडे आहे. मीटरपर्यंतची जबाबदारी खात्याची, मीटरनंतरची आपली. आज सही केली नाही तर उद्या वीज तोडली जाईल, ही धमकी कोणत्याही खासगी कंपनीला देता येत नाही. थकलेल्या बिलासाठीसुद्धा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. वायरिंगचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करायचे असते. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे तेवढी यातून सुटतात. परवाना क्रमांक मागितला की पुष्कळ गडबड तिथेच थांबते, असा माझा अनुभव आहे.

याहून चांगली वाट म्हणजे तपासणीचे पैसे देणे. मोफत तपासणी मोफत नसते, तिची किंमत अंदाजपत्रकात शिरलेली असते. गावातल्या परवानाधारक वायरमनला किंवा निवृत्त अभियंत्याला मोबदला देऊन, ‘काम तुम्हाला मिळणार नाही, फक्त मोजून लिहून द्या’ असे सांगून तपासणी करवून घ्या. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून बोलावले तर खर्च वाटला जातो. त्या कागदावर प्रत्येक सर्किटचा मेगरचा आकडा, आरसीसीबी किती मिलिअँपिअरला पडला तो आकडा आणि प्रत्येक सॉकेटमध्ये अर्थ आहे की नाही, एवढे असले की पुढचा कोणताही विक्रेता तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलतो. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण तर तुम्ही स्वतः महिन्यातून एकदा दाबू शकता; दाबल्यावर तो पडलाच पाहिजे. त्या बटणाने आरसीसीबी चालतो एवढे कळते, अर्थिंग शाबूत आहे की नाही हे कळत नाही, एवढे लक्षात ठेवा.

सही होऊन गेली असेल तर? बहुतेक लोक लाजेने गप्प बसतात, मुलांनाही सांगत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोटी माहिती देऊन वस्तू किंवा सेवा गळ्यात बांधणे, बिल न देणे, या अनुचित व्यापारी प्रथा आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागले नाही तर उत्तर गोव्यासाठी पर्वरीला आणि दक्षिणेसाठी मडगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे; पाच लाख रुपयांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे, म्हणून काम चालू असताना काढलेला जुना बोर्ड, जुने एमसीबी आणि तारांचे तुकडे भंगार म्हणून उचलून नेऊ देऊ नका. ते पोत्यात भरून, त्यावर तारीख घालून, घरातच ठेवा.