टेलिफोनच्या बिलातली एक ओळ

[दृश्य : स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडे पडलेले टेलिफोनचे बिल. कॅमेरा हळूहळू त्याच्या तळाशी जातो.]

अमेरिकेत घरी टेलिफोनचे बिल आले की त्याच्या तळाशी, कर आणि अधिभारांच्या गर्दीत, बहुधा ‘युनिव्हर्सल सर्व्हिस’ या नावाने लावलेली एक बारीकशी रक्कम सापडते. न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहणारे मराठी कुटुंब ती भरते आणि मोंटानातला गुरे पाळणारा शेतकरीही भरतो. या किरकोळ रकमेचा काही भाग शेवटी कुठल्यातरी शाळेच्या भिंतीतून जाणाऱ्या तारेपर्यंत पोचतो, हे बिल भरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. शाळांमधल्या तंत्रज्ञानासाठी वॉशिंग्टनहून पैसा कसा येतो हे समजून घेताना या ओळीपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण या व्यवस्थेतला सर्वांत टिकाऊ पैसा शिक्षण खात्याच्या तिजोरीतून येतच नाही.

[दृश्य : शाळेच्या व्हरांड्यात शिडीवर चढून तारा ओढणारे लोक.]

९ मार्च १९९६ रोजी कॅलिफोर्नियातल्या कॉनकॉर्ड येथील यग्नासिओ व्हॅली हायस्कूलमध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि उपाध्यक्ष अल गोर यांनी स्वयंसेवकांबरोबर इंटरनेटच्या तारा ओढल्या. ‘नेटडे’ नावाच्या त्या मोहिमेत शाळेशाळेत लोकवर्गणीने आणि श्रमदानाने तारा टाकल्या जात होत्या. त्याआधी दोन वर्षे, म्हणजे १९९४ साली, अमेरिकेतल्या ३५ टक्के सार्वजनिक शाळांपर्यंत इंटरनेट पोचले होते; मात्र शिकवण्याच्या खोल्यांचा हिशेब केला तर हे प्रमाण अवघे ३ टक्के होते. श्रमदानाने तार एका शनिवारात टाकून होते, पण त्या तारेचे बिल दर महिन्याला येते आणि ते कोणी भरायचे, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर महिनाभर आधीच मंजूर झालेल्या दूरसंचार कायद्यात होते. रिपब्लिकन सिनेटर ऑलिम्पिया स्नो आणि डेमोक्रॅट सिनेटर जे रॉकफेलर यांनी पुढाकार घेऊन त्यात एक तरतूद घालून घेतली होती, आणि तिच्यातून उभी राहिलेली योजना १९९८ पासून ‘ई-रेट’ या नावाने चालू आहे.

ई-रेट शाळेच्या हाती रोख रक्कम ठेवत नाही. ती शाळेच्या बिलात सवलत देते. ही सवलत २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत असते, आणि ती ठरवण्यासाठी शाळेतल्या किती मुलांना मोफत किंवा सवलतीचे जेवण मिळू शकते हे पाहिले जाते. ज्या शाळांत अशी मुले तीन-चतुर्थांश किंवा अधिक आहेत, तिथे इंटरनेट जोडणीच्या महिन्याच्या हजार डॉलरच्या बिलापैकी शाळेला शंभर डॉलर भरावे लागतात आणि उरलेले नऊशे टेलिफोनच्या बिलांतल्या त्या ओळीतून जमणाऱ्या निधीतून जातात. जेवणाच्या ताटावरून तारेचा दर ठरवण्याची ही पद्धत ऐकायला विचित्र वाटते, पण गरिबी मोजण्याचे हेच माप शाळेच्या दप्तरात आधीपासून तयार होते. शाळेच्या आतली तार, स्विच आणि वाय-फाय यांचा हिशेब वेगळा ठेवला जातो; २०२१ ते २०२५ या पाच वर्षांच्या चक्रात त्यासाठी दर विद्यार्थ्यामागे १६७ डॉलरची मर्यादा होती. शाळेने आपली गरज जाहीर करायची, किमान २८ दिवस पुरवठादारांच्या बोलींची वाट पाहायची आणि निवड करताना किमतीला सर्वांत जास्त गुण द्यायचे, असा नियम आहे.

नियम असूनही सुरुवातीच्या वर्षांत पैसा वाया गेला. २००४ साली अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे पोर्तो रिकोचे प्रकरण आले, तेव्हा शाळांसाठी घेतलेली यंत्रसामग्री गोदामात पडून राहिल्याचे उघड झाले. तरीही योजना मोडीत निघाली नाही आणि २००५ पर्यंत ९४ टक्के वर्गखोल्यांत इंटरनेट पोचले. निधीची वार्षिक मर्यादा सव्वादोन अब्ज डॉलरपासून सुरू झाली आणि २०१४ साली ती ३.९ अब्जांवर नेण्यात आली.

[दृश्य : टेक्ससमधली एकखोली शाळा. जुने कृष्णधवल छायाचित्र.]

आता शिक्षण खात्याकडच्या पैशाकडे वळू. आपल्याकडे १९७६ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले; अमेरिकेच्या राज्यघटनेत मात्र शिक्षण हा शब्दच नाही, त्यामुळे शाळा चालवणे हे राज्यांचे आणि स्कूल डिस्ट्रिक्टचे, म्हणजे त्या त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांचे, काम मानले जाते. शाळांच्या एकूण उत्पन्नात फेडरल सरकारचा वाटा एरवी दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतो. हा वाटा ज्या कायद्याने कायमचा झाला, त्यावर लिंडन जॉन्सन यांनी ११ एप्रिल १९६५ रोजी टेक्ससमध्ये, ते स्वतः लहानपणी ज्या शाळेत गेले होते तिथेच, सही केली आणि त्या वेळी आपल्या पहिल्या शिक्षिका केट डेड्रिक लोनी यांना शेजारी बसवून घेतले. या कायद्याचा ‘टायटल वन’ हा विभाग गरीब मुले जास्त असलेल्या शाळांसाठी आहे आणि त्यावर आज वर्षाला १८ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्च होते. त्यातून संगणक घेता येतो, पण तो राज्याने किंवा डिस्ट्रिक्टने करायच्या खर्चाच्या जागी नव्हे, तर त्यावर भर म्हणून घ्यावा लागतो. हिशेब तपासनीस शाळेला याच मुद्द्यावर अडवू शकतो.

अपंग मुलांसाठीचा १९७५ चा कायदा मात्र वेगळ्या जातीचा आहे. बोलता न येणाऱ्या एखाद्या मुलीला चित्रांवर बोट ठेवताच शब्द उच्चारणारा टॅबलेट लागतो असे तिची शैक्षणिक योजना आखणाऱ्या गटाने ठरवले, तर तो तिला विनामूल्य देणे शाळेवर बंधनकारक असते, आणि तिच्या शिक्षणासाठी गरज असेल तर तो घरी नेऊ देणेही बंधनकारक असते. तिथे निधी किती शिल्लक आहे ही सबब चालत नाही. बाकी सारी व्यवस्था अनुदानाची आहे आणि ही हक्काची आहे, म्हणून मला ती सर्वांत स्वच्छ वाटते.

केवळ तंत्रज्ञानासाठी म्हणून वेगळे अनुदान देण्याचा प्रयत्नही होऊन गेला. जॉर्ज बुश यांच्या काळात २००२ पासून त्यासाठी वर्षाला सुमारे ७० कोटी डॉलर मिळू लागले आणि त्यातला चौथा हिस्सा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च करण्याची अट होती. पुढे ही रक्कम आटत गेली. २००९ च्या मंदीत एकदाच ६५ कोटींची भर पडली, २०१० साली नियमित रक्कम १० कोटींवर आली आणि २०११ साली ती शून्य झाली. २०१५ च्या नव्या कायद्याने ‘टायटल फोर’ या सदराखाली तंत्रज्ञानाला पुन्हा जागा दिली, पण एक खुंटी मारून ठेवली : तंत्रज्ञानासाठी ठेवलेल्या रकमेपैकी १५ टक्क्यांहून अधिक रक्कम उपकरणे, सॉफ्टवेअर आणि पायाभूत सुविधांवर खर्च करता येत नाही. उरलेली रक्कम शिक्षकांना शिकवण्यासाठी आणि अभ्यासक्रम बसवण्यासाठी वापरायची. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ असे आपण नावे ठेवताना म्हणतो. या कलमाने मात्र मसाल्यावाचून कोंबडी शिजत नाही हे मान्य करून साधारण तशाच धर्तीचे प्रमाण कायद्यात लिहून टाकले.

[दृश्य : वर्गाच्या कोपऱ्यातली चार्जिंगची ट्रॉली. कप्प्याकप्प्यांत उभे ठेवलेले क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप.]

मग मार्च २०२० आला, शाळा बंद झाल्या आणि मुलांच्या हाती उपकरण देण्याला दुसरा पर्याय उरला नाही. ती १५ टक्क्यांची मर्यादा तात्पुरती उठवण्याची मुभा राज्यांना देण्यात आली. काँग्रेसने शाळांसाठी तीन हप्त्यांत, आधी १३ अब्ज, मग ५४ अब्ज आणि शेवटी १२२ अब्ज डॉलर मंजूर केले. याशिवाय ई-रेटवर देखरेख करणाऱ्या फेडरल दूरसंचार आयोगामार्फत सात अब्जांहून अधिक रकमेचा आणीबाणीचा निधी आला, ज्यात एका लॅपटॉपमागे ४०० डॉलरपर्यंत रक्कम मिळत होती. ग्रंथालयांच्या पार्किंगमध्ये बसून, तिथले वाय-फाय पकडून मुले अभ्यास करत होती त्या दिवसांत हा पैसा वेळेवर आला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण ही ट्रॉली जवळून पाहावी. प्रत्येक क्रोमबुकच्या पाठीवर बारकोडचे स्टिकर आहे, आणि ते कोणत्या अनुदानातून घेतले याची नोंद डिस्ट्रिक्टच्या वहीत आहे. एकाच्या कळफलकावरचे दोन बटण निघाले आहेत, एकाची बिजागरी चिकटपट्टीने धरून ठेवली आहे, आणि मधल्या कप्प्यातला एक चार्जर वाकला आहे. दिसत नाही ती गोष्ट अशी, की प्रत्येक मॉडेलला एक तारीख असते आणि त्या तारखेनंतर त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. गूगलने २०२३ साली ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवली, पण बिजागरीची मुदत कोणी वाढवलेली नाही. महासाथीच्या शेवटच्या हप्त्यातून नवे करार करण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. एकाच वेळी आलेली यंत्रे एकाच वेळी म्हातारी होतात, आणि ती बदलण्यासाठी तितका पैसा पुन्हा येणार नाही, हे खरेदीच्या दिवशीही कागदावर स्पष्ट होते. दुरुस्ती करणारा माणूस नेमायचा तर त्याचा पगार दर वर्षी लागतो. म्हणून अनेकांना माणूस नेमण्यापेक्षा आणखी यंत्रे घेणे सोपे गेले. याला निव्वळ उधळपट्टी म्हणता येणार नाही, कारण एकदाच मिळणाऱ्या पैशाचा स्वभावच तसा असतो.

[दृश्य : वॉशिंग्टनमधली सर्वोच्च न्यायालयाची इमारत.]

२०२५ हे वर्ष उलटसुलट गेले. कोणत्या अनुदानातून तंत्रज्ञानाचा कोणता खर्च करता येतो, हे पत्रे लिहून डिस्ट्रिक्टना समजावून सांगणारे शिक्षण खात्यातले शैक्षणिक तंत्रज्ञान कार्यालय मार्चमधल्या नोकरकपातीत बंद झाले. जुलैमध्ये त्याच खात्याच्या मंत्री लिंडा मॅकमॅहन यांनी, आहे त्याच अनुदानांतून कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने घेता येतील असे पत्र काढले; त्यात नवा पैसा नव्हता. दरम्यान टेलिफोनच्या बिलातली ती ओळ न्यायालयात गेली होती. ही वसुली म्हणजे आयोगाने आपल्या मर्जीने लावलेला कर आहे, असा आक्षेप होता. २७ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. निकाल न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिला. निधी वाचला, पण त्याचा पाया झिजतोच आहे. ही वसुली टेलिफोन सेवेच्या आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय उत्पन्नावर बसते, इंटरनेट सेवेच्या उत्पन्नावर बसत नाही. त्यामुळे २००० साली सहा टक्क्यांच्या आसपास असलेला दर २०२५ मध्ये ३६ टक्क्यांवर जाऊन पोचला.

[दृश्य : पहाटेच्या अंधारात शेतांमधून जाणारी पिवळी स्कूलबस.]

ही बस पाहा. ग्रामीण भागात मुलांचा जाण्यायेण्याचा वेळ तासातासाचा असतो, म्हणून २०२३ साली आयोगाने बसमधल्या वाय-फायलाही ई-रेट लागू केला होता. ३० सप्टेंबर २०२५ रोजी आयोगातल्या नव्या बहुमताने तो निर्णय मागे घेतला, आणि ग्रंथालयांतून घरी न्यायला मिळणाऱ्या हॉटस्पॉटची सवलतही त्याबरोबर गेली. चालकाच्या डोक्यावरच्या छताला बसवलेला राउटर अजून जागेवर आहे. त्याचे महिन्याचे बिल आता डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात येते, आणि ते डिझेलच्या खात्यात टाकायचे की वीज-पाण्याच्या, हे तिथल्या हिशेबनीसाने ठरवायचे आहे.