कोळंबी मागेच का पळते?

नमस्कार श्रोतेहो. कोळंबी साफ करताना पाठीवरचा काळा दोरा आपण ओढून काढतो. ते तिचं आतडं, हे घरोघरी ठाऊक आहे. पण तीच कोळंबी उलटी करून पोटाच्या बाजूने नीट बघा. मधोमध आणखी एक दोरा असतो, बारीक, पांढरट. तो तिचा मज्जारज्जू. आपला पाठीत, तिचा पोटाशी. आज बोलायचंय ते या पांढऱ्या दोऱ्याबद्दल.

त्यात मोजकेच तंतू बाकीच्यांपेक्षा कितीतरी जाड असतात, आणि ते खास पळण्यासाठी राखलेले. आपली टायगर कोळंबी ज्या पीनियस कुळातली, त्या कुळात अशा तंतूतून संदेश सेकंदाला २०० मीटरपर्यंत वेगाने जातो. माणसाच्या सगळ्यात वेगवान नसेत तो १२० च्या आसपास. सेकंदाला २०० मीटर, बरं का! प्राण्यांमध्ये याहून वेगवान तंतू आजवर मोजलेला नाही. असं जनावर आपण चामट होईस्तोवर शिजवतो, ही माझी वेगळी तक्रार. चार मिनिटं पुरतात. पण घरात आमचं ऐकतं कोण?

तर मालवणजवळच्या देवबागची गोष्ट. कर्लीच्या खाडीवर, ओहोटीला, रात्रीची. वाडीतले एक आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणत, ते निघाले होते कोळंबी धरायला आणि मुंबईहून आलेला माझा भाचा त्यांच्या मागे लागला. भाच्याच्या हातात दुकानातली नवीकोरी जाळी. आबांच्या एका हातात घरी विणलेली जुनी जाळी, दुसऱ्या हातात बांबूची काठी. बॅटरी मी धरली होती. (हल्ली भर समुद्रात एलईडीचे झोत टाकून मासळी ओढतात, बंदी असूनही ओढतात. त्यावर बोलायला लागलो तर आजची वेळ पुरायची नाही.)

बॅटरी पाण्यावर फिरवली की वाळूवर लालसर ठिपके चमकतात. ते कोळंबीचे डोळे. भाचा ठिपका दिसला की समोरून झेप घ्यायचा. पाणी गढूळ, जाळी रिकामी. पुन्हा झेप, पुन्हा गढूळ. आबा काही बोलेनात. शेवटी म्हणाले, "अरे, सुंगटा मागे पळतत. जाळा मागे धर." सुंगटा म्हणजे कोळंब्या.

मग त्यांनी करून दाखवलं. जाळीची कड कोळंबीच्या शेपटीमागे वीतभर अंतरावर वाळूत हळूच टेकवली आणि काठीचं टोक पुढून तिच्या मिशांजवळ नेलं. टच्चकन आवाज झाला आणि कोळंबी जाळीत. आबांचा हात हललासुद्धा नाही! भाच्याला हे काही मानवेना. त्याने चिडून पुन्हा समोरून धाड घातली, आणि ती कोळंबी उलटी उडून गेली थेट आबांच्या जाळीत. "ही माझी हं," भाचा ओरडला. आबा म्हणाले, "तुझा कसा? तू फुडे होतंस, ता हय इला." आणि टोपलीत टाकली. हे तुम्हाला कसं कळलं म्हणून भाच्याने विचारलं, तर उत्तर आलं, "बापाशीन शिकवल्यान."

आबांच्या बापाला जे माहीत होतं, ते कॉर्नेलिस विअर्स्मा या शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये क्रेफिशवर नीट दाखवलं. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, नांग्या असलेला, शेवंडीसारखा प्राणी. त्याच्या एका जाड तंतूत एकच संदेश सोडला तरी शेपटीचा पुरा झटका बसतो. पुन्हा सांगतो: एक तंतू, एक संदेश, पुरा झटका. तलाठ्याकडून तहसीलदाराकडे फाईल फिरवायचं कामच नाही. पुढून धोका आला तर एका जोडीचे तंतू पेटतात आणि प्राणी सरळ मागे जातो. शेपटीकडून आला तर दुसरी जोडी, मग तो वर उसळून पुढे. पुढून धोका, तर मागे. मागून धोका, तर वर आणि पुढे. १९५९ मध्ये फर्शपान आणि पॉटर या दोन शास्त्रज्ञांनी क्रेफिशवरच आणखी एक गोष्ट सिद्ध केली. या जाड तंतूंपाशी एका पेशीतून दुसरीत वीज थेट उतरते, मध्ये रसायन सोडत बसावं लागत नाही. तेवढाच वेळ वाचतो.

पण वेग हवा तर विचाराला जागा उरत नाही. झटका ठरलेला, दिशाही ठरलेली, आणि शिकाऱ्याला तेवढं पुरतं. आग्नेय आशियात तोंडावर दोन मिशा असलेला एक पाणसाप आहे. मासा त्याच्या वेटोळ्याच्या बाकात आला की तो मानेकडचा भाग किंचित हलवतो. माशाच्या मेंदूतली पळण्याची पेशी धोक्याच्या बाजूला पेटते आणि अंग उलट दिशेला वळवते, म्हणजे नेमकं सापाच्या तोंडाकडे. केनेथ कटानिया या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये हे चित्रित करून मांडलं. आबांना निदान बापाने शिकवलं होतं. या सापाची नुकती जन्मलेली, माशाची शिकार कधी न केलेली पिल्लंसुद्धा मासा जिथे आहे तिथे नाही, तर जिथे पोचणार तिथे तोंड मारतात. नमस्कार.