पहिली काठी घरीच करा

काठीने लढायच्या सरावासाठी स्वस्तात काठी कशी करायची हे सांगायला मला बोलावलंय, आणि ते मी सांगणारच आहे. पण आधी हा तुकडा बघा. मागच्यांना दिसत नसेल. वीतभर लांब आहे, एका टोकाला सुरीसारखा धारदार. हा कुणी तासलेला नाही, असाच तुटलाय.

मला काठीची लढत शिकायला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. काठी आणा एवढंच सांगितलं होतं, कसली ते नाही. मी फरशी पुसायचा जुना दांडा कापला, पॉलिश पेपर मारला, तेल लावलं. देखणी काठी झाली! समोरच्या मुलीने वरून वार केला, मी अडवला, आणि माझ्या काठीचा हा तुकडा उडून तिच्या भुवईला लागला. दोन टाके पडले. डोळा तिथून बोटभरच खाली. शिकवणारे म्हणाले, ‘तुझी पकड ढिली होती.’ हे मला आजही पटत नाही. पकड घट्ट होती, लाकडाचे रेषे तिरके होते. रेषे जिथे कडेला बाहेर पडतात तिथूनच लाकूड फाटतं आणि हातात भाला उरतो. फरशी पुसताना त्याने काही बिघडत नाही, म्हणून दांड्याचे रेषे कुणी बघत नाही. काठीचे मात्र बघायलाच हवेत.

फिलिपिन्समध्ये अर्निस, म्हणजे काठ्यांची लढत, खेळतात, 2009 साली कायद्याने तो तिथला राष्ट्रीय खेळ झाला. त्यांची काठी वेताची, साधारण 28 इंचांची. वेत बांबूसारखा पोकळ नसतो, भरीव असतो. मार खाऊन तो पिंजतो, पण सहसा असा टोकदार तुटत नाही. केंदो या जपानी तलवारबाजीतली शिनाई, म्हणजे सरावाची तलवार, बांबूच्या चार पट्ट्यांची. बांबू चिरतो, म्हणून तिथे सरावाआधी प्रत्येक पट्टीवरून नजर फिरवतात.

हो, खूण दिसली मला. पाच मिनिटं.

तर अर्धा इंची पीव्हीसी पाइप घ्या, 66 सेंटिमीटर कापा. कापलेल्या कडा घासा. दोन्ही तोंडांना टोपण बसवा, हे विसरू नका, नाहीतर उघडं तोंड फोम कापून बाहेर येतं. पाण्याच्या पाइपला घालतात ती फोमची नळी चढवा. पकडीसाठी 15 सेंटिमीटर पाइप मोकळा ठेवा, पुढच्या टोकाला फोम चार सेंटिमीटर बाहेर राहू द्या आणि त्या पोकळीत फोमचेच तुकडे ठासा. वरून कापडी टेप, पण आवळून नाही. आवळलात तर फोम दबून कडक होतो. टोक अंगठ्याने दाबा, पाइप लागला तर पुन्हा भरा.

डोळ्यांवर संरक्षक चष्मा तरीही हवाच आणि डोक्यावर वार नाही, आत पाइप आहे. उन्हाने तो ठिसूळ होतो, चीर दिसली की काठी टाकून द्या.

साहित्य मधल्या टेबलावर आहे. करवत एकच आहे, तेव्हा रांगेत या.