गाडी हलवायच्या आधीची पंधरा मिनिटं

नमस्कार मंडळी. आज मी बोलणार आहे ते गाडी हलवायच्या आधी काय काय तपासायचं त्याबद्दल, ट्रकवर नव्याने बसलेल्या पोरांशी, पण ज्यांच्या घरातला माणूस रात्री-अपरात्री गाडी घेऊन निघतो त्यांनीही ऐका, म्हणजे तो निघताना "गाडी बघितलीस का रे?" एवढं तरी विचारता येईल.

पोरांनो, मला माहितीये घाई किती असते ते. आंब्याच्या सीझनला पेट्या वेळेत वाशीला पोचायला हव्यात, मासळी असेल तर बर्फ वितळतोय, शेठचे फोन वर फोन, आणि अशात खाली उतरून गाडीभोवती फिरायचं म्हणजे जीवावर येतं. पण आपला कोकणातला रस्ता बघा ना, कशेडी, परशुराम, आणि घाटावर जायचं तर कुंभार्ली, आंबा, फोंडा, सगळे घाटच, सरळ रस्ता असा मिळतोच किती? सपाटीला जे बिघडलेलं आहे ते कळतसुद्धा नाही, घाटात मात्र ते लगेच समोर येतं आणि तिथे बाजूला घ्यायला जागा नसते.

इंजिन ऑइल गाडी चालू करायच्या आधी बघायचं, सपाट जागेवर, डिपस्टिक एकदा पुसून परत घालून. रेडिएटरचं पाणीही थंड असतानाच, गरम असताना झाकण उघडायचं नाही, तोंड भाजतं. बीएस सिक्सची, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची गाडी असेल तर धूर साफ करायला लागणारा पातळ युरियाही बघा. या गोष्टी बहुतेक जण करतात म्हणून मी त्यावर जास्त बोलत नाही.

खरं बोलायचंय ते हवेबद्दल. एअर ब्रेकची गाडी म्हणजे ब्रेक टाकीत भरलेल्या हवेच्या दाबावर चालतो, सगळा खेळ हवेचा. गाडी चालू करून हवेच्या दाबाचा काटा सात-आठ बारपर्यंत चढू द्या, मग चाकांना दगड किंवा लाकडी गुटका लावून हँडब्रेक सोडा आणि इंजिन बंद करा. आता ब्रेकवर पाय दाबून धरा, एक मिनिटभर, आणि नुसतं ऐका. रेडिओ बंद, मोबाईल बंद. कुठे स्स्स असा बारीक आवाज येतो का? काटा खाली सरकतोय का? सरकत असेल तर पाईप, जॉइंट नाहीतर डायफ्राम म्हणजे ब्रेकमधला रबरी पडदा, कुठूनतरी हवा जातेय, आणि ती गाडी तशीच घाटात न्यायची नाही. मग ब्रेक पाच-सहा वेळा मारून हवा मुद्दाम उतरवा, कमी हवेचा बझर वाजायलाच पाहिजे. कित्येक गाड्यांचा बझर वैताग येतो म्हणून वायर काढून गप्प केलेला असतो, मला तर ते बघून अंगावर काटा येतो.

आणि हवेच्या टाकीतलं पाणी काढायला विसरू नका. आपल्याकडची हवा दमट, पावसाळ्यात तर विचारूच नका, ते सगळं पाणी टाकीत साठतं आणि आतून गंज धरतो. टाकीखालचा व्हॉल्व्ह ओढला की फुस्स करून पाणी बाहेर येतं, कधी त्यात तेलकट फेस दिसला तर हवा कोरडी करणारा ड्रायर किंवा हवा भरणारा कॉम्प्रेसर मेकॅनिकला दाखवा. मासळीच्या गाडीवाल्यांनी तर खाली वाकून ब्रेकचे पाईप बघायचेच, बर्फाचं खारं पाणी चेसीवर ठिबकून ठिबकून लोखंड खाऊन टाकतं.

टायरला पान्याने ठोकायचं. भरलेला टायर टण्ण बोलतो, बसलेला बद्द बोलतो. मागच्या जोड चाकातला एक टायर बसला तरी शेजारचा त्याला उचलून धरतो म्हणून डोळ्याला काही कळत नाही, आणि मग घाटात एकट्यावर सगळं वजन येऊन तो तापतो, फुटतो. त्या दोघांच्या मधे दगड अडकलाय का तेही बघा, तो सुटून मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर बसतो. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेच बाद, पण आपल्या पावसात तेवढी होईपर्यंत थांबूच नका असं माझं म्हणणं.

आता चाकाचे नट. एकदा कराडहून सिमेंट भरून येत होतो, पाटणजवळ टायर पंक्चर झाला, दुकानात बदलून घेतला, नट त्यांनी आवळले आणि मी काही हात लावून बघितलं नाही. हेळवाकला चहाला उतरलो, कुंभार्ली उतरायच्या आधी, आणि सहज टॉर्च मारला तर रिमवर नटाभोवती गेरूसारखे लाल ओघळ. हात लावला तर दोन नट बोटांनी फिरले. त्या दिवशी चहाला थांबलो नसतो तर काय झालं असतं ते घरी मी कधीच सांगितलं नाही.

गंजाचे असे ओघळ किंवा चकचकीत घासलेली जागा दिसली म्हणजे नट ढिला आहे, आणि टायर बदलल्यावर पन्नासेक किलोमीटरवर थांबून तो परत आवळायचाच. तेव्हापासून माझ्या गाडीच्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची एक रेघ असते, नटावरून सरळ रिमवर उतरलेली. नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, अंधारात टॉर्च मारला तरी कळतं. रंगाची छोटी डबी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, नट परत आवळले की जुनी रेघ पुसून नवी मारायची.