दोरी ओढली की कोण येतं?

नमस्कार श्रोतेहो. कारखाना सातपूरचा असो, चाकणचा असो की शिरोलीचा, मशीनचा आवाज बदलला की बेअरिंग जाणार, हे सगळ्यात आधी ऑपरेटरला कळतं. साहेबांना ते कळतं मशीन बंद पडल्यावर. मग मधल्या दिवसांत ऑपरेटर काहीच का बोलला नाही? बहुतेक वेळा एकदा बोललेला असतो, आणि पुढे काहीच झालेलं नसतं.

यावर एक गोष्ट सांगतो, मला फार आवडते ती. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. तिथे एक नियम पक्का होता, लाइन, म्हणजे गाड्या जोडत जोडत पुढे सरकवणारी रांग, थांबवायची नाही. बोल्ट वाकडा बसला तरी गाडी पुढे ढकला, दुरुस्ती नंतर बघू. कामगार वैतागलेले, दिवसाला पाचातला एक गैरहजर. १९८२ साली कारखाना बंद पडला.

दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू झाला. नाव मिळालं नुम्मी. जागा तीच, युनियन तीच आणि श्रोतेहो, कामगारही बहुतेक तेच! त्यांच्यातल्या काहींना आधी शिकायला जपानला, टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात नेलं. तिथे प्रत्येकाच्या हाताशी येईल अशी दोरी टांगलेली. काही अडलं, ओढा दोरी. सूर वाजतो, वरच्या फलकावर दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. तो विचारतो, ‘काय झालं?’ ‘कुणी केलं?’ असं विचारत नाही. गाडी त्या जागेवरून सरकायच्या आत अडचण सुटली तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. पुन्हा सांगतो, साध्या कामगाराच्या हाताने अख्खी लाइन थांबते.

ज्यांनी आयुष्यभर ‘थांबवू नका’ हेच ऐकलं, त्यांना हे बघून काय वाटलं असेल! तीच पद्धत फ्रीमाँटला आली. गैरहजेरी झपाट्याने उतरली आणि तिथल्या गाड्या दर्जात अमेरिकेतल्या उत्तम गाड्यांच्या रांगेत जाऊन बसल्या.

नुम्मीत साहेबांसाठी वेगळी जेवणाची खोली नव्हती, सगळ्यांना एकच कॅन्टीन. माझं तर जुनं मत आहे, साहेबांनी केबिनमध्ये डबा उघडूच नये. भाकरी मोडताना माणूस जे बोलतो, ते मीटिंगमध्ये कधीच बोलत नाही.

जनरल मोटर्सने हीच पद्धत आपल्या इतर कारखान्यांत न्यायचा प्रयत्न केला, पण तिथे ती रुजायला फार वर्षं गेली. दोरी टांगणं सोपं असतं हो, ओढल्यावर धावत येणारा माणूस तयार करावा लागतो.

तुमच्याकडे दोरी नसेल, पण सूचना पेटी असेल तर आठवड्याचा एक वार ठरवा. त्या दिवशी सगळ्यांसमोर ती उघडा आणि प्रत्येक चिठ्ठीला उत्तर द्या. जमणार नसेल तर का जमणार नाही, तेही सांगा. नवी कल्पना असेल तर ज्याने ती लिहिली, त्यालाच आधी करून बघू द्या. नमस्कार.